जीन रिपोर्ट 'अनिश्चित' आला तर पुढे कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्या पेपरात जीन एडिटिंगबद्दल बरंच छापून येतं, ते यायलाच पाहिजे, मी तर अशी प्रत्येक बातमी कापून ठेवते. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने क्रिस्पर, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापून बदलायचं तंत्र, वापरून बिरसा १०१ नावाची थेरपी तयार केली आणि ती पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरमशी हातमिळवणी केली हे वाचून खरंच भरून आलं, कारण गडचिरोली, नंदुरबारकडे या आजाराने किती घरं पिचली आहेत हे आपल्याला माहितीये. त्याआधी २०२५ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या एका बाळाची बातमी होती, त्याच्या लिव्हरमधलं एक जीन बिघडलेलं, रक्तात अमोनिया साठत होता, आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांत फक्त त्या एका बाळासाठी औषध बनवलं. दोन्ही बातम्या आनंदाच्याच आहेत. पण दोन्हीत एक गोष्ट आधीपासून हातात होती, ती म्हणजे चूक नेमकी कुठे आहे ते पक्कं माहीत होतं. सिकलसेलचं तर १९५० च्या दशकातच कळलेलं की हिमोग्लोबिनमधलं एकच अमिनो ॲसिड बदललंय. ज्या पोरांच्या बाबतीत हेच कळलेलं नाही त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र, आणि या कामात झेब्रा मासा नावाचा एक छोटा मासा कसा उपयोगी पडतो तेही सांगायचंय, थोडं लांबेल, जमलं तर पूर्ण छापा.

मी सांगलीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आता रिटायर आहे. माझ्या भाचीच्या मुलाला तान्हा असल्यापासून फिट्स येतात. पहिल्यांदा तापात आली तेव्हा सगळे म्हणाले तापाची फिट आहे, मोठा झाला की जाईल, मग ताप नसतानाही यायला लागल्या, चालायला उशीर झाला, बोलणं मागे पडलं, एमआरआय नॉर्मल, आणि शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे सगळ्या जीनमधला प्रोटीन बनवणारा भाग वाचायची टेस्ट, करून घ्या म्हणाले. दागिना मोडून टेस्ट केली. रिपोर्टमध्ये एका जीनमधलं डीएनएचं एक अक्षर बदललेलं सापडलं आणि त्याच्यापुढे छापलेलं, व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. म्हणजे बदल आहे हे खरं पण आजार त्याच्यामुळेच आहे का ते सांगता येत नाही. भाचीला समजवायला तिथे कुणाला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नव्हता, दोन वर्षांनी डेटा परत तपासू एवढंच सांगून पाठवलं.

आता या एका शब्दावर घरात काय काय अडकून पडतं ते बघा. दुसरं मूल होऊ द्यायचं का, त्यालाही हेच होईल का, गर्भात असताना तपासता येईल का, यातल्या कशाचंच उत्तर अनिश्चित रिपोर्टवरून कुठलाही जबाबदार डॉक्टर देत नाही, आणि देऊही नये. औषधाचंही तसंच. ड्राव्हेट सिंड्रोम म्हणून फिट्सचा एक आजार आहे, एससीएन१ए नावाच्या जीनमुळे होतो, त्यात कार्बामाझेपीनसारखी नेहमीची फिट्सची गोळी दिली तर फिट्स कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतात. म्हणजे जीन कुठलं बिघडलंय हे कळणं ही काही नुसती माहितीची हौस नाही, रात्री पोराला कुठली गोळी द्यायची ते त्याच्यावर ठरतं.

हा अनिश्चित शेरा काही लॅबचा कामचुकारपणा नाही हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जेनेटिक्सच्या संघटनांनी नियम केले, ते आज जगभर वापरतात, त्यात प्रत्येक बदलाला पाचपैकी एका खान्यात टाकतात. आजार करणारा, बहुतेक करणारा, अनिश्चित, बहुतेक निरुपद्रवी, निरुपद्रवी. खाना ठरवताना बघतात की हा बदल धडधाकट माणसांत किती सापडतो. आणि तिथेच आपलं अडतं, कारण जगातला हा डेटा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, आपल्याकडच्या एखाद्या जातीत, एखाद्या तालुक्यात सर्रास असलेला साधा बदल त्या यादीत दिसतच नाही, मग तो दुर्मिळ वाटतो आणि अनिश्चितच्या खान्यात जाऊन बसतो. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे अख्खे डीएनए, वाचून झालेत आणि २०२५ च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झाला, त्याने यातले बरेच सुटतील. पण सगळे नाही सुटणार. जो बदल जगात एकाच घरात आहे तो कितीही माणसं मोजली तरी मोजून सुटत नाही, तो जिवंत प्राण्यात घालून बघावा लागतो. त्याच नियमांत हेही लिहिलंय की प्रयोगात बदलाचा परिणाम नीट दिसला तर तो भक्कम पुरावा धरा.

आणि इथे झेब्रा मासा येतो, ज्याच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडलाय.

ॲक्वेरियमच्या दुकानात निळसर पट्ट्यांचे तीन-चार सेंटीमीटरचे चपळ मासे असतात ना, तेच. शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा, १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने इथल्याच माशांवर काम करताना त्याचं पहिलं वर्णन केलं. जगाच्या लॅबमध्ये मात्र तो अमेरिकेतून गेला. ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर म्हणून हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ होते, त्यांनी दुकानातून आणलेल्या माशांवर काम सुरू केलं आणि १९८१ मध्ये त्यांचा पेपर आला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं जेनेटिक्स इतक्या स्वस्तात करता येतं. पुढे जर्मनीत क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि अमेरिकेत बॉस्टनच्या गटाने हजारो बिघडलेले मासे तयार करून १९९६ मध्ये एकदमच पेपरांचा गठ्ठा छापला. २०१३ ला या माशाचा पूर्ण जीनोम वाचून झाला तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जीनना माशात किमान एक जोडीदार आहे. त्यातही जी जीन माणसात आजाराशी जोडलेली आहेत त्यांच्यात हे प्रमाण अजून जास्त, ८० टक्क्यांच्या पुढे.

पण खरी गंमत त्याच्या अंड्यात आहे. उंदराचं पिल्लू आईच्या पोटात वाढतं, काही दिसत नाही, माशाचं अंडं पाण्यात बाहेर पडतं आणि ते काचेसारखं पारदर्शक असतं. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी देते. २४ तासांच्या आसपास हृदय धडधडायला लागतं, साध्या मायक्रोस्कोपखाली रक्त वाहताना दिसतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर, पाचव्या दिवशी पोहत खाणं शोधायला लागतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशात अशा लॅबमध्ये काम करते, तिने मला व्हिडिओ कॉलवर एकदा हे दाखवलं, आणि मी वर्गात इतकी वर्षं बेडकाच्या भ्रूणाच्या आकृत्या काढल्या तरी ते हृदय चालू झालेलं बघताना माझ्या अंगावर काटा आला.

कामाची पद्धत ती सांगते ती अशी. माशांच्या खोलीत दिवे १४ तास चालू, १० तास बंद, पाणी २८.५ डिग्रीला. संध्याकाळी नर-मादी एका छोट्या टाकीत मध्ये पारदर्शक पडदा लावून ठेवायचे, सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा, थोड्याच वेळात तळाला अंडी. मग घाई सुरू, कारण अंड्याची एक पेशी असते तोपर्यंतच काम करायचं, साधारण पाऊण तासात तिच्या दोन होतात. केसापेक्षा बारीक टोकाच्या काचेच्या सुईने प्रत्येक अंड्यात एक सूक्ष्म थेंब सोडायचा, त्या थेंबात डीएनए कापणारं कॅस ९ प्रोटीन आणि त्याला योग्य जागी नेणारा गाइड आरएनए. एमान्युएल शार्पोंतिए आणि जेनिफर डाउडना यांचा क्रिस्परचा पेपर २०१२ चा, नोबेल २०२० चं, आणि माशांच्या अंड्यात हे चालतं हे २०१३ लाच दाखवून झालेलं. आता तर एका जीनवर तीन-चार गाइड एकदम सोडले की त्याच पिल्लांत बहुतेक पेशींमधलं ते जीन बंद पडतं, पुढच्या पिढीची वाट बघायला लागत नाही, म्हणजे सोमवारी सुई टोचली तर शनिवारी पिल्लांना फिट्स येतात का, हृदय नीट चालतंय का, याचा पहिला अंदाज हातात. नेमकं एकच अक्षर बदलायचं असेल तर बेस एडिटिंग आहे, त्याला पिढ्या वाढवाव्या लागतात, सहा-आठ महिने जातात.

आता नुसतं जीन बंद करून आमच्या पोराच्या रिपोर्टचं उत्तर मिळत नाही, कारण त्याच्यात जीन बंद नाहीये, एक अक्षर बदललंय. त्याची युक्ती वेगळी आहे आणि ती मला फार आवडते. आधी माशाचं जीन बंद करायचं, पिल्लू आजारी पडतं. मग त्याच वेळी काही अंड्यांत माणसाच्या चांगल्या जीनचा एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा त्या जीनचा निरोप, सोडायचा, आणि दुसऱ्या अंड्यांत पेशंटच्या बदललेल्या जीनचा. चांगल्याने पिल्लू बरं झालं आणि बदललेल्याने नाही झालं तर समजायचं की ते अक्षर दोषी आहे. दोन्हींनी बरं झालं तर ते अक्षर बहुतेक निर्दोष, दुसरीकडे शोधा. हे होतं का याचं सगळ्यात सुंदर उदाहरण २००५ चं आहे. गोल्डन नावाची झेब्रा माशाची एक फिकट जात आहे, तिचे पट्टे सोनेरी दिसतात. पेनसिल्व्हेनियात कीथ चेंग यांच्या लॅबने शोधलं की एसएलसी२४ए५ नावाचं जीन बिघडल्यामुळे हे होतं, आणि मग त्यांनी माणसाच्या त्याच जीनचा एमआरएनए फिकट माशाच्या अंड्यात सोडला, तर पिल्लात गडद रंग परत आला! माणसाचं जीन माशात जाऊन काम करायला लागलं. त्याच शोधातून पुढे कळलं की युरोपीय लोकांची त्वचा फिकट का, त्यात या जीनमधल्या एका अक्षराचा मोठा वाटा आहे, आणि नंतर हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या वेगवेगळ्या समाजांत तेच अक्षर तपासून २०१३ ला पेपर छापला. गोऱ्या मुलीच्या हट्टापायी लग्नं मोडणाऱ्या आपल्या समाजाने हे एकदा तरी वाचावं, एवढं बोलून पुढे जाते.

आता कुणी म्हणेल, हे झालं संशोधन, पेशंटला काय फायदा. त्याला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते २०१९ चं आहे. फिलाडेल्फियाच्याच मुलांच्या हॉस्पिटलात एक १२ वर्षांचा मुलगा होता, त्याच्या शरीरातल्या लिंफच्या, म्हणजे पेशींभोवतीचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या, नळ्या वेड्यावाकड्या वाढत होत्या, छातीत आणि हृदयाभोवती पाणी साठायचं, पाय सुजलेले, श्वास लागायचा, ऑपरेशनं करून उपयोग नाही. जीन वाचल्यावर एआरएएफ नावाच्या जीनमध्ये एक बदल सापडला, पण तो दोषी आहे का हे माहीत नव्हतं. हाकोन हाकोनार्सन यांच्या टीमने ते बदललेलं जीन झेब्रा माशाच्या पिल्लांच्या लिंफच्या नळ्यांत घातलं, तर माशांच्याही नळ्या तशाच फुगल्या. मग त्यांनी त्या पिल्लांच्या पाण्यात एमईके नावाचं प्रोटीन अडवणारं औषध टाकलं आणि नळ्या पुन्हा नीट झाल्या. त्याच जातीचं ट्रॅमेटिनिब हे औषध त्वचेच्या कॅन्सरसाठी आधीच बाजारात होतं, मुलाला ते परवानगी घेऊन दिलं, आणि काही महिन्यांत पाणी उतरलं, श्वास सुधारला, सूज गेली. नवीन औषध शोधावं लागलं नाही. जीन एडिटिंग करून बरंही करावं लागलं नाही. फक्त कळलं की दोषी कोण, आणि पुढचा रस्ता उघडला. मी ही हकीकत भाचीला सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, मावशी, आपल्याकडे असं कुठे करतात. माझ्याकडे नाव-पत्ता नव्हता.

ड्राव्हेटचंही थोडक्यात सांगते. सॅन फ्रान्सिस्कोला स्कॉट बाराबान यांच्या लॅबने वर सांगितलेल्या एससीएन१ए शी जुळणारं माशातलं जीन बिघडलेले मासे वापरले, त्या पिल्लांना खरंच फिट्स येतात, मेंदूत विजेच्या लाटा मोजता येतात. छोट्या छोट्या खाचांच्या प्लेटमध्ये एकेक पिल्लू ठेवून पाण्यात एकेक औषध टाकून त्यांनी शेकडो औषधं तपासली आणि २०१३ ला क्लेमिझोल या जुन्या ॲलर्जीच्या औषधाचा परिणाम दाखवला. त्याच्यावरून तयार केलेलं औषध पुढे माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. उंदरांवर अशी शेकडो औषधं तपासायची म्हटलं तर खर्च आणि वर्षं दोन्ही परवडणार नाहीत.

मासा सगळं सांगतो असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही छापू नका. माशाला फुप्फुसं नाहीत, गर्भाशय नाही, तिथले आजार त्याच्यात बघता येत नाहीत. फार पूर्वी माशांच्या पूर्वजात सगळा जीनोम एकदा दुप्पट झाला, त्यामुळे आपल्या एका जीनच्या जागी त्यांच्याकडे पुष्कळदा दोन असतात, एक बंद केलं तर दुसरं सांभाळून घेतं. आणि सगळ्यात मोठा धक्का २०१५ च्या सुमाराला बसला. त्याआधी लोक मॉर्फोलिनो नावाच्या रेणूने जीन तात्पुरतं दाबायचे आणि पिल्लं आजारी दिसायची. क्रिस्पर आल्यावर तेच जीन कायमचं तोडलं तर पुष्कळदा पिल्लं ठणठणीत! आधीचे किती निकाल खोटे यावर मोठा वाद झाला. डिडिए स्टेनिए यांच्या गटाने दाखवलं की काही ठिकाणी मॉर्फोलिनोचा दोष नव्हता, जीन कायमचं तुटलं की पेशी त्याच्या नात्यातली दुसरी जीन वाढवून भरपाई करते, आणि २०१९ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की तुटक्या जीनचा एमआरएनए पेशीत नष्ट होतो तेव्हा त्याच्यातूनच ही भरपाई सुरू होते. म्हणजे एका प्रयोगावर निकाल लावायचा नसतो, दोन-तीन पद्धतींनी तपासून, शेजारी निरोगी अक्षर ठेवून, प्रयोग करणाऱ्याला कुठलं अंडं कुठलं हे न सांगता मोजायचं असतं. हे सगळं नीट करणारी माणसं लागतात. म्हणूनच हे काम कुठल्या तरी खाजगी लॅबने पॅकेज करून विकायच्या आधी चांगल्या सरकारी संस्थांत उभं राहावं असं मला कळकळीने वाटतं.

दोन आक्षेप मी लोकांकडून ऐकते, दोन्ही रास्त आहेत. एक, मुक्या जिवांवर प्रयोग का. मी स्वतः वर्गात बेडूक कापणं बंद झालं तेव्हा आनंद मानलेली बाई आहे, त्यामुळे हा प्रश्न मी झटकत नाही, माशाला वेदना होत नाहीत असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेला आपली एथिक्स कमिटी ठेवावी लागते. मोठ्या माशाला काही करायचं तर भूल द्यायची, ती पाण्यात मिसळता येते. पण मी वर सांगितलेलं रिपोर्ट तपासायचं काम बहुतेक पहिल्या पाच दिवसांत संपतं, तेव्हा पिल्लू स्वतः खातही नसतं, पोटातल्या बलकावर जगत असतं, युरोपच्या २०१० च्या कायद्यात स्वतः खायला लागल्यापासूनच त्याला संरक्षित प्राणी धरतात. ज्या ठिकाणी पेशींवर भागतं तिथे मासा वापरूच नये, २०२३ मध्ये आपल्या औषध चाचण्यांच्या नियमांतही प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा करून दिलीये ती चांगलीच गोष्ट आहे. पण फिट्स प्लेटमधल्या पेशींच्या थराला येत नाहीत, त्याला अख्खा मेंदू आणि अख्खं शरीर लागतं.

दुसरा आक्षेप, आज मासा उद्या माणसाचं बाळ. ही भीती उगाच नाही, २०१८ ला चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञांनी जुळ्या मुलींच्या भ्रूणात क्रिस्पर वापरून दाखवलंच, आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावं लागलं. आपल्याकडे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढच्या पिढीत उतरेल असं एडिटिंग माणसात करता येत नाही, आणि ती बंदी राहिलीच पाहिजे. माशात जीन तपासून माणसाचा रिपोर्ट वाचणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात माणसाच्या एका पेशीलाही कुणी हात लावत नाही. उलट दोषी अक्षर कुठलं हे नीट न तपासता एडिटिंगच्या मागे लागणं जास्त धोक्याचं.

आता आपल्याकडे काय आहे ते बघूया, कारण नाहीच म्हणून रडायची वेळ नाहीये. मासे आपले. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत, जी १९४६ ला शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी उभी केली, तिथे झेब्रा माशाचं हृदय आणि मणक्यांमधल्या चकत्या परत कशा वाढतात यावर काम चालतं, २०२३ मध्ये त्यांनी एक प्रोटीन दाखवलं जे म्हाताऱ्या माशातल्या झिजलेल्या चकत्यांना परत वाढायला लावतं. कंबर धरून बसणाऱ्या किती जणांना ही गोष्ट आपल्या शेजारी चाललीये हे माहितीये? मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत महेंद्र सोनावणे यांची लॅब याच माशाची त्वचा कशी घडते ते शोधते. हैदराबादला सीसीएमबी, बंगळुरूला एनसीबीएस या संस्थाही आहेत. आणि दिल्लीच्या आयजीआयबीमध्ये श्रीधर शिवसुब्बू आणि विनोद स्कारिया यांनी आसामच्या रानटी झेब्रा माशाचा जीनोम वाचला आणि त्याच दोघांनी दुर्मिळ आजारांसाठी डॉक्टरांचं गार्डियन नावाचं नेटवर्क उभं केलं, म्हणजे मासा आणि पेशंट एका छताखाली आणता येतात हे आपल्याच देशात करून झालंय.

दुसऱ्या बाजूला २०२१ चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, ठरवून दिलेल्या केंद्रांत उपचार घेणाऱ्या पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यातलं एक केंद्र आहे. पण ही मदत ठरलेल्या आजारांच्या गटांना मिळते. ज्या पोराच्या रिपोर्टवर अनिश्चित लिहिलंय त्याच्या आजाराला नावच नाही, तो कुठल्या गटात बसणार. धोरण निदान झाल्यावर सुरू होतं आणि आमची गाडी निदानाच्या आधीच थांबलेली आहे.

कॅनडाने याच्यावर अगदी साधा उपाय केलाय, मला तो वाचून आश्चर्य वाटलं की इतकं सोपं असू शकतं. २०१४ पासून त्यांचं एक नेटवर्क आहे. देशभरातल्या मासे, माशी, यीस्ट, उंदीर यांच्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आपण कुठल्या जीनवर काम करतो ते एका यादीत नोंदवायचं. डॉक्टरला नवीन संशयित जीन सापडलं की त्याने अर्ज करायचा, समिती जोडी जुळवते आणि त्या लॅबला २५,००० कॅनेडियन डॉलरची छोटी ग्रँट लगेच मिळते. त्यासाठी नवीन इमारत बांधलेली नाही, उद्घाटनाची फीत कापलेली नाही. अमेरिकेतही निदान न झालेल्या आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात माशी आणि झेब्रा मासा यांच्यावर तपासणी करणारं केंद्र २०१५ मध्ये जोडलं गेलं. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालंय, आयसीएमआर आहे, डीबीटी म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे, त्यांच्यापैकी कुणीही अशी यादी आणि अशी छोटी ग्रँट सुरू करू शकतं. निदान महाराष्ट्रापुरतं बघायचं तर केईएमचा जेनेटिक्स विभाग, पुण्यातल्या आणि मुंबईतल्या माशांच्या लॅब यांच्यात रेल्वेने साडेतीन तासांचं अंतर आहे. तरुण पोरं पीएचडी करायला विषय शोधत फिरतात, त्यांना एका खऱ्या घरातला खरा प्रश्न मिळेल.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणी आहे. माशांवरच्या संशोधनाची बातमी आली की मथळ्यात कॅन्सर बरा होणार, अपंग चालणार असं टाकू नका, आमच्यासारख्या घरात तो मथळा वाचून लोक रात्रभर फोन करतात. त्यापेक्षा तुमच्या आरोग्याच्या वार्ताहराला केईएम आणि आघारकर दोन्हीकडे पाठवा आणि हे दोघं एकमेकांशी बोलतात का, पेशंटचं जीन एकीकडून दुसरीकडे जायला काय अडतं, पैसे, परवानगी, माणसं, का नुसती ओळख नाही म्हणून, ते विचारून छापा.

आणि हे वाचणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून सांगते, तोवर तुमच्या हातात असलेलं एवढं तरी करा. अनिश्चित रिपोर्ट देताना पालकांची लेखी संमती घेऊन ठेवा की हा बदल आणि मुलाची लक्षणं नाव न लावता संशोधकांना देता येतील, आई-बापाचंही रक्त त्याच वेळी तपासायला सांगा म्हणजे बदल कुणाकडून आला का नव्याने झाला ते कळेल, कच्चा डेटा लॅबकडून मागून पालकांच्या हातात द्या, आणि दोन वर्षांनी या म्हणता तर ती तारीख कागदावर लिहून त्याच्याखाली कुणाला फोन करायचा त्याचा नंबर लिहा.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
सांगली